बावोचा उजवा हात

तांबं चुलीवरच तापवलं.
गेंटमध्ये फेब्रुवारीत ऊन नसतं, नुसता उजेड असतो,
कालव्याच्या पाण्यासारखा,
गिरणीतल्या बाया पुलावरून गेल्या की जरासा ढवळणारा.
मेणाचं अस्तर दिलं. पत्रा पालथा धरला
मेणबत्त्यांच्या जुडीवर, काजळी धरेपर्यंत.
त्या काळ्यावर सुई ओढली
की रेघ उजळते, तांबूस;
जणू माणूस आत आधीच पेटलेला आहे,
आपण फक्त फट पाडतो.

बावो, तू ओला कोट न काढताच बसलास.
"मला मोठा माणूस करू नकोस," म्हणालास,
"बटण तुटलंय, ते तुटलेलंच राहू दे."
राहू दिलं.

उजवा हात मांडीवर पडला होता.
त्या झटक्यानंतर तो तुझ्याकडे नुसता राहायला होता,
भाडं न देणाऱ्या पाहुण्यासारखा.
होडी काढणं तुझ्या हातचा मळ,
पण त्या हाताचा.
या हाताला चौदा महिने लागले.
प्रदर्शनाच्या समितीनं तुला डावललं,
आणि तुझ्या होड्या सगळ्या एकाच अंगावर कलंडत राहिल्या,
वारा नसतानाही.
एक शेवटी सरळ उभी राहिली त्या दिवशी
कोलेतानं सगळ्या जिन्याला वाटाण्याचं सूप पाजलं.
वरच्या मजल्यावरच्या त्या भांडकुदळ मोच्यालासुद्धा.

तेजाबात चेहऱ्याला सहा मिनिटं.
हंसाच्या पिसानं बुडबुडे हलवत राहिलो,
मग गालांवर, कपाळावर रोगण फासलं:
इथं थांब.
कोटाला अजून अर्धा तास.
डाव्या गालावर रोगण कुठंतरी फुटलं,
तेजाबानं एक ठिपका खाल्ला.
माझी चूक.

ओला कागद. कांबळं. चाक.
कागद टोकानं उचलला,
आणि मी तुझ्याच खुर्चीत बसलो.
तूच होतास. बटण नव्हतं.
आणि ब्रश
उजव्या हातात.

तांबं उलटं बोलतं, हे शिकाऊ पोराला
मी पहिल्या दिवशी सांगतो.
वीस वर्षं सांगतोय.
तुझ्या वेळी विसरलो.
(खरंच विसरलो का, या प्रश्नापाशी
मी फार वेळ उभा राहत नाही.)

वाटलं, फाडशील.
तू डाव्या हाताचं बोट
त्या कागदी हातावर ठेवलंस. शाई ओली होती.
"राहू दे याला," म्हणालास.
"याला अजून माहीत नाही."
मग हसलास: समितीनं डावललेलं
तुझ्या तांब्यानं उजवलं की रे.
बोटाची शाई जाताना माझ्याच दाराला पुसलीस.

बारा छाप काढले. सात विकले गेले,
त्यातले तीन उधारीवर.
पुढच्या हिवाळ्यात तू गेलास.

कोलेतानं तिचा छाप पलंगाशी लावला.
आधी म्हणाली, "हा तीळ कुठला?
त्याला तीळ नव्हता."
दोन वर्षांनी, बटाटे सोलता सोलता,
"तो त्याचा गालावरचा तीळ, आठवतो ना?"
मी म्हटलं, आठवतो.

आता पत्रा रद्द करायचाय.
आणखी छाप निघू नयेत म्हणून आडवी रेघ मारतात,
रीतच आहे.
फडताळातून काढला, हिरवा पडला होता,
व्हिनेगरनं पुसला.
पत्र्यावर ब्रश डाव्याच हातात आहे.
एवढी वर्षं अंधारात
तू जसा होतास तसा बसून होतास,
तो हात मांडीवर घेऊन.

चेहऱ्यावरून रेघ नेववेना.
हातांवरून तर नाहीच.
कोटावरून नेली,
बटणाच्या जागेवरून.
तिथं आधीपासूनच काही नव्हतं.